चौकटी आधी की गोष्ट आधी?

मुलांच्या लेखनाबद्दल आम्ही जिथे जिथे बोलतो, तिथे शेवटी कुणीतरी पालक किंवा शिक्षक उठून हमखास एक तक्रार मांडतात. मूल तोंडी गोष्ट सांगायला लागलं की थांबत नाही, पण तीच गोष्ट वहीत लिहायला सांगितली की चार ओळींत संपते. असं का होतं, आणि करायचं काय?

आजकाल याला एक तयार उत्तर मिळतं. मुलांना स्टोरीबोर्ड काढायला द्या. म्हणजे आधी चित्रांत गोष्ट मांडायची आणि मग लिहायची. उत्तर चांगलं आहे, आम्ही स्वतः अनेक वर्षं हेच सांगत आलो. पण हे उत्तर वर्गात पोचतं तेव्हा त्याचं रूप काय असतं? एक छापील कागद, त्यावर सहा चौकटी. पहिलीवर ‘सुरुवात’, मधल्या चौकटींवर ‘प्रसंग’, पाचवीवर ‘शेवट’ आणि सहावीवर ‘बोध’. आज आम्ही या कागदाची समीक्षा करणार आहोत. पुस्तकाची समीक्षा ऐकायची आपल्याला सवय आहे, झेरॉक्सच्या कागदाची नाही. पण एखादं पुस्तक जेवढ्या मुलांपर्यंत जातं, त्याच्या कितीतरी पट मुलांपर्यंत असा कागद जातो. मग त्याच्याकडे नीट बघायला नको का?

एक प्रसंग सांगतो. चौथीच्या वर्गातल्या एका मुलाने आम्हाला मधल्या सुट्टीत एक गोष्ट सांगितली. पावसाळ्यात रात्री वारा सुटला आणि त्यांच्या घरावरचा पत्रा उडाला. तो जाऊन पडला थेट शेजाऱ्यांच्या गोठ्यावर, आणि असा बसला की जणू तिथलाच. सकाळी वडील पत्रा आणायला गेले तर शेजारी म्हणाले, आमच्या गोठ्यावर आहे म्हणजे आमचा. वडिलांचा आवाज चढला, आई मध्ये पडली, आणि इकडे घरात तीन ठिकाणी बादल्या लावलेल्या. मुलगा शेवटी म्हणाला, “म्हशीला दोन पत्रे आणि आम्हाला एक पण नाही!”

सुट्टीनंतर त्याच मुलाच्या हातात तो सहा चौकटींचा कागद आला. पहिल्या चौकटीत त्याने डोंगर, सूर्य आणि झोपडी काढली. खाली लिहिलं, ‘एक गाव होते.’ मग पाऊस, मग उडालेला पत्रा. पाचव्या चौकटीत सगळे हसत उभे. सहावीत बोध, ‘शेजाऱ्यांशी प्रेमाने वागावे.’

म्हैस गेली, बादल्या गेल्या. ज्या भांडणामुळे ही गोष्ट सांगावीशी वाटली, ते भांडणच गेलं. आणि गंमत म्हणजे कागदाला पूर्ण गुण मिळाले.

आता या मुलाला कल्पनाशक्ती नाही असं कोण म्हणेल? त्याने कागदाचं म्हणणं बरोबर ऐकलं, एवढंच. ‘सुरुवात’ लिहिलेली चौकट सांगते की गाव दाखव. ‘बोध’ लिहिलेली चौकट सांगते की शेवटी सगळ्यांना शहाणं कर. भांडण मिटलं नसेल तर ते या कागदात बसणारच नाही.

आपल्याकडे हे नवीन नाही. ‘मुद्द्यांवरून गोष्ट लिहा’ हा प्रश्न आपण सगळ्यांनीच सोडवला आहे. मुद्दे छापलेले, मध्ये आडव्या रेघा, शेवटी तात्पर्य. यात कुठला प्रसंग घ्यायचा, कुठला सोडायचा, कशानंतर काय यायचं, म्हणजे गोष्ट रचण्याचं सगळं अवघड काम मोठ्यांनी आधीच उरकलेलं असतं. मुलाकडे उरतात ती फक्त क्रियापदं. छापील स्टोरीबोर्ड म्हणजे त्याच प्रश्नाला केलेली चौकटींची सजावट आहे, असं आमचं स्पष्ट मत झालं आहे.

मग मूळ स्टोरीबोर्ड कसा होता ते बघू. ही पद्धत घडली ती 1930च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेत, वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओत. वेब स्मिथ या चित्रकाराचं नाव तिच्याशी जोडलं जातं. प्रसंगांची छोटी चित्रं वेगवेगळ्या कागदांवर काढायची आणि टाचण्यांनी फळ्यावर ओळीने लावायची. 1933च्या तीन डुकरांच्या छोट्या चित्रपटाचा उल्लेख या संदर्भात नेहमी होतो. यातली महत्त्वाची वस्तू कुठली? आम्हाला विचाराल तर टाचणी. टाचणीने लावलेला कागद काढता येतो, पुढेमागे करता येतो, फेकून देता येतो. गोष्ट अजून ठरायची आहे, हे त्या फळ्याकडे बघूनच कळतं. छापील चौकटीत नेमकं हेच होत नाही. दुसरी चौकट तिसरीच्या जागी नेता येत नाही आणि सातवी आठवली तर तिला जागा नाही.

सत्यजित राय यांचंही उदाहरण घ्या. ‘पथेर पांचाली’ कादंबरीच्या मुलांसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रं त्यांनी काढली होती. पुढे 1955 साली आलेल्या चित्रपटासाठी त्यांच्याकडे रीतसर बांधलेली पटकथा नव्हती. रेखाटनांची वही होती आणि टिपणं होती. म्हणजे मोठा कलावंतसुद्धा चित्र काढत काढत विचार करतो. मूल तसं करतं तेव्हा आपण त्याला ‘आधी लिही, मग चित्र काढ’ असं का सांगतो? डोनल्ड ग्रेव्ह्ज या अभ्यासकाने 1983च्या आपल्या पुस्तकात लहान मुलांच्या चित्र काढण्याला लेखनाची तालीमच म्हटलं आहे. तालीम नाटकाच्या आधी होते, नंतर नाही.

आणि एवढं लांब तरी कशाला जायचं? कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे. परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. रामायण-महाभारतातल्या आख्यानांची चित्रं सुट्या कागदांवर काढलेली, त्या संचाला पोथी म्हणायचं, आणि वीणा, टाळ, हुडुकाच्या साथीने एकेक चित्र समोर धरून कथा सांगायची. इथे चित्रांचा क्रम परंपरेने ठरलेला असतो, ते खरं. पण चित्र गोष्ट संपवत नाही, सांगणाऱ्याला बोलतं करतं. दोन चित्रांच्या मधली सगळी जागा त्याच्या आवाजाची. वर्गातल्या कागदात हा सांगणाराच गायब आहे. मूल गुपचूप चौकटी भरतं आणि बाईंकडे देऊन टाकतं.

तर आम्ही काय करतो? पाठकोरे कागद घेतो, जुन्या कॅलेंडरची पानं चालतात. तळहाताएवढे तुकडे करतो. एका तुकड्यावर एकच प्रसंग, काडीची माणसं पुरेत. रंग नाहीत, खोडरबर नाही, कारण खोडरबर दिलं की अर्धा तास नाकच नीट करण्यात जातो. चित्राला गुण नाहीत, ‘छान’ नाही आणि ‘हे काय काढलंस’ तर मुळीच नाही. मग मूल ते तुकडे जमिनीवर मांडतं आणि मित्राला गोष्ट सांगतं. सांगताना अडखळलं की समजायचं, इथे एक तुकडा कमी आहे.

मोठ्यांनी विचारायचे प्रश्न मोजकेच. या दोन चित्रांच्या मध्ये काय झालं? यातलं एक काढून टाकलं तर चालेल का? गोष्ट दुसऱ्याच चित्रापासून सुरू केली तर? ‘यातून काय शिकलास’ हा प्रश्न आम्ही विचारत नाही. हे सगळं झाल्यावर वही उघडायची.

पत्र्यावाल्या मुलाला आम्ही असे तुकडे दिले. त्याने नऊ चित्रं काढली. मग बराच वेळ बघत बसला आणि सगळ्यात शेवटचं चित्र उचलून पहिलं ठेवलं. कोरड्या गोठ्यात रवंथ करणारी म्हैस. गोष्ट तिथून सुरू झाली. हा निर्णय त्याचा होता, आम्ही सुचवलेला नव्हता. त्या दिवशी वहीत दीड पान झालं. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर होत्या, पण आई, बादल्या, भांडण सगळं जागेवर होतं. भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. चित्रात न येणाऱ्या गोष्टी असतात. आजी गेल्यावर तिच्या लुगड्याचा वास येत राहतो, हे काडीच्या माणसांत कसं काढणार? अशा वेळी चित्रांचा आग्रह धरला तर मूल फक्त धावपळीच्याच गोष्टी लिहायला शिकेल. काही मुलं थेट लिहितात, त्यांना लिहू द्यावं. आणि शिक्षक म्हणतील, पन्नास मुलांच्या वर्गात हे जमायचं कसं? रास्त प्रश्न आहे. आम्ही चौघांचा गट करतो, गटाची एकच गोष्ट. कुठलं चित्र आधी यावरून त्यांची जी भांडणं होतात, ती ऐका. अहो, तिथेच तर कथेची रचना शिकली जाते.

छापील कागद वापरणाऱ्या शिक्षकांना आम्ही दोष देत नाही. वेळ कमी, तपासणी जास्त, आणि असा कागद फाइलला लावायला सोपा. आमची विनंती छोटी आहे. तुमच्याकडे तो सहा चौकटींचा कागद असेल तर वरची नावं झाका, रेघांवरून कात्री चालवा आणि ते सहा तुकडे मुलाच्या हातात द्या. शेजारी आणखी चार-पाच कोरे ठेवा.

आम्ही इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.