विस्मृतीचे पाणी आणि स्मृतीचे आसन

अथेन्समधील ‘अज्ञात देवा’च्या वेदीवर प्रवचन सिद्ध करताना आपल्यापैकी पुष्कळांस पौसानियासचे नाव भेटले असेल, फालेरोन बंदराजवळील अज्ञात देवांच्या वेद्यांची नोंद त्याने केली आहे. दुसऱ्या शतकातील ह्या प्रवाशाचा ‘ग्रीसचे वर्णन’ हा दहा भागांचा ग्रंथ त्या एका नोंदीपलीकडे सहसा वाचला जात नाही. त्याच्या नवव्या भागातील लेबादेया नगरीचे प्रकरण वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटते.

लेबादेया, म्हणजे बोइओशिया प्रांतातील आजचे लिवादिया. येथे हर्किना नदीच्या उगमाजवळ त्रोफोनियसचे कौलस्थान होते. त्रोफोनियस व आगामेदेस हे बंधू मंदिरे बांधणारे कारागीर. हिरियसचे कोषागार बांधताना त्यांनी एक चिरा निघेल असा बसविला आणि ते धन चोरू लागले. आगामेदेस सापळ्यात अडकला, तेव्हा ओळख पटू नये म्हणून त्रोफोनियसने भावाचेच शिर कापले. पुढे लेबादेया येथे धरणीने त्याला गिळले. अशा भ्रातृघातक्याकडे लोक कौल मागू लागले!

कौल घेणारा काही दिवस व्रतस्थ राही आणि नदीत स्नान करी. प्रथम विस्मृतीचे पाणी पिऊन तो मागचे सारे विचार टाकी. मग स्मृतीचे पाणी पिई. मधाचे पिंड हाती घेऊन तो भूविवरात उतरे. वर आल्यावर पुजारी त्याला स्मृतीच्या आसनावर बसवून सारे वदवून घेत. भयाने गलितगात्र झालेल्या त्या माणसाचे हसू कालांतराने परत येई. पौसानियास स्वतः हा कौल घेऊन आला होता. म्हणून ह्या वर्णनास साक्षीचे वजन आहे. शेजारच्या खेरोनेयाचा प्लूटार्क त्याच विवराच्या आधारे आत्म्याच्या गतीची भव्य कथा रचतो. परंतु आम्हांस पौसानियासचा साधेपणा अधिक मोलाचा वाटतो.

मात्र त्याची एक उणीव सांगितली पाहिजे. भावाच्या रक्ताविषयी तो काहीच विचारीत नाही. काइनाची कथा जाणणाऱ्या वाचकास हे मौन खटकते. कौल मागणाऱ्याला भविष्य कळे; पश्चात्तापाचे पाचारण त्याला होत असे, असे ह्या वर्णनात कोठेही नाही.

येथे आपल्या व्यासपीठावरून दोन चुका होतात. एक उपहासाची: हे सारे पुजाऱ्यांचे कपट म्हणून सोडून देणे. दुसरी उतावळेपणाची: विवरात उतरणे म्हणजे ख्रिस्ताच्या अधोलोकगमनाची छाया, आणि स्मृतीचे पाणी म्हणजे प्रभुभोजनाची पूर्वखूण, असे ठरविणे. पहिलीत त्या माणसाचे भय खोटे ठरते, दुसरीत शुभवर्तमान स्वस्त होते. प्रभूच्या मेजाशी येणाऱ्यास विस्मृतीचे पाणी दिले जात नाही. तो आपले पाप आठवीत येतो, आणि तेथील स्मरण हे भविष्याच्या कौलाचे नव्हे, तर घडलेल्या तारणाचे असते.

जवळच्या ओर्खोमेनोस येथे 873-74 मध्ये बांधलेल्या मरियेच्या मंदिरात प्राचीन वास्तूंचे चिरे उघड दिसतात. बांधणाऱ्यांनी ते झाकले नाहीत, आणि चिरे जुने म्हणून उपासनाही जुनीच राहिली नाही. शेजाऱ्यांच्या पवित्र स्थानांविषयी बोलणाऱ्या धर्मशिक्षकाने एवढे ध्यानात ठेवावे: आधी ऐकावे, मग साम्य सांगावे, आणि भेद लपवू नये.