ल्युपसमधलं ‘फितूर सैन्य’: एका उपमेची झाडाझडती

ल्युपसवरचा कुठलाही मराठी लेख काढा, तिसऱ्या वाक्यात सैन्य येतंच. शरीराचं सैन्य फितूर झालं, आपल्याच राज्यावर उलटलं! या उपमेवर माझा राग आहे. ती वाचून काहीतरी कळल्यासारखं वाटतं आणि खरा प्रश्न विचारायचाच राहतो: स्वतःलाच चिकटणाऱ्या पेशी आल्या कुठून?

त्या तुमच्याकडेही आहेत. बी-पेशी प्रतिपिंडाच्या जनुकांचे तुकडे अंदाधुंद जोडते, म्हणून काही जोड्या आपल्यालाच चिकटतात. २००३ साली वार्डेमान आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या कोवळ्या बी-पेशी तपासल्या, तर ५५ ते ७५ टक्के तशा निघाल्या. पुढे चाळण लागते आणि बहुतेक गळतात. ल्युपसमध्ये ही चाळणच ढिली असते. मग फितुरी कुणाची?

पण एवढ्यानं भागत नाही. पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात उन्हात मिरची तोडणाऱ्या बाईचं उदाहरण घ्या. उन्हानं त्वचेच्या काही पेशी मरतात. हे सगळ्यांचंच होतं, आणि मेलेल्या पेशींचा कचरा मुकाट उचलला जातो. सी-१-क्यू नावाचं प्रथिन त्यात मदत करतं. ते जन्मतः नसलेल्या बहुतेकांना ल्युपससारखा आजार होतो. कचरा पडून राहिला, की त्यातला डीएनए-आरएनए चाळणीतून सुटलेली बी-पेशी गिळते. आत टीएलआर-७ आणि टीएलआर-९ हे पहारेकरी त्याला विषाणू समजतात. (बघा, सैन्य माझ्याही लिखाणात घुसलंच.) बी-पेशी त्याच घासातल्या प्रथिनांचे तुकडे टी-पेशीला दाखवते, तिची मदत मिळते, आणि प्रतिपिंड आणखी घट्ट चिकटणारं होत जातं.

टीएलआर-७ चं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. बाईच्या पेशीत एक एक्स मिटलेला असतो, पण काही पेशींत हे जनुक तिथूनही चालू राहतं. दहातले नऊ रुग्ण बायका का, याचं एक कारण इथे असावं. २०२२ साली स्पेनमधल्या एका मुलीत याच जनुकातला एकच बदल ल्युपसला पुरेसा ठरल्याचं दिसलं.

बंड एका रात्रीत होतं. हे तसं नाही. अमेरिकी लष्करातल्या १३० रुग्णांचं साठवलेलं रक्त तपासलं, तेव्हा ११५ जणांत निदानाआधीच स्वप्रतिपिंडं होती, काहींत ९ वर्षांहून आधी. उलट एएनए पॉझिटिव्ह आली म्हणजे ल्युपस झाला, असंही नाही. कित्येक निरोगी लोकांत ती येते. रिपोर्ट हातात घेऊन रडणाऱ्या मुलीला फितुरीची गोष्ट सांगून हे कसं कळणार?

आणि मूत्रपिंडावरचा तो ‘हल्ला’? पुष्कळदा प्रतिपिंड आणि कचरा यांचे गठ्ठे तिथल्या गाळणीत नुसते अडकलेले असतात. सूज त्यांच्यामुळे येते.