बावन्न हक्कांची गोष्ट

अमृतनाकाची गोष्ट आपल्यातल्या पुष्कळांनी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकली असेल. सांगणारा बदलला की तपशील बदलतो, गाभा एकच. बेदरच्या बादशहाची बेगम हरवली. तिला शोधायला अमृतनाक निघाला. जाताना बादशहापाशी एक बंद डबी ठेवून गेला. बेगम परत आणली तेव्हा दरबारानं त्याच्यावर किटाळ घेतलं. डबी उघडली. आत त्यानं स्वतःच्या हातानं कापलेलं पुरुषपण होतं. बादशहा खूश झाला, माग म्हणाला. अमृतनाकानं जातीसाठी बावन्न हक्क मागितले.

काय होते हे हक्क? दारोदारची भाकर, मेल्या ढोराचं कातडं, मढ्यावरचं कापड. गाव ज्याला उष्टं म्हणत होतं त्याला आपण हक्क म्हटलं. उपाशी माणसाला ताठ उभं राहायला काहीतरी आधार लागतो, हे कबूल. पण गोष्ट खरी की खोटी एवढ्यावर थांबू नका. ती ऐकून माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करतो ते बघा. ही गोष्ट ऐकून आपला बाप पुन्हा काठी घेऊन पाटलाच्या दारात गेला. स्वतःला कापून घेण्याचं बक्षीस म्हणून मिळालेली गुलामगिरी आपण पिढ्यान्‌पिढ्या मिरवली.

बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' या नजरेनं वाचा. १९८२ साली ते 'स्त्री' मासिकातून आलं, १९८६ साली पुस्तक झालं. येसकरकीचा तोरा बेबीताई दाखवतात आणि त्याच पुस्तकात राबून राबून मोडलेल्या सुना, सासवांचा जाच, संशयावरून कापलेली बायकांची नाकं दाखवतात. गावात वाकलेला गडी घरात राजा होतो. त्या राजेपणाची किंमत बाई भरते. गोष्टीत मात्र तिचं नाव नाही.

बाबासाहेबांनी या गोष्टीच्या मुळावरच घाव घातला. १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं बिल त्यांनी आणलं. वतन हा मान नाही, रात्रंदिवस राबवून घ्यायचं दावं आहे, हे त्यांनी उघडं केलं. १९४८ च्या 'दि अनटचेबल्स' मध्ये त्यांनी आपल्या मुळाची नवी मांडणी दिली: आपण पांगलेली माणसं, पूर्वीचे बौद्ध. पण हा आपला तर्क आहे, तपासून घ्या, असंही सांगितलं. अमृतनाकाच्या गोष्टीला कुणी प्रश्न विचारत नव्हतं. बाबासाहेबांची मांडणी प्रश्न मागते. दोहोंत फरक आहे तो इथं.

आता आपल्याकडे वळू. 'जिणं आमुचं' मधल्या 'आम्ही'चं आपण फार कौतुक करतो. ते रास्तच आहे. पण २००८ साली माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आला, त्यासोबत बेबीताईंची मुलाखत छापली आहे. नवऱ्याचा मार, आणि लिहिलेलं जवळजवळ वीस वर्षं घरात लपवून ठेवलं, हे तिथं कळतं. समाजाचं दुःख सांगणाऱ्या बाईला स्वतःचं दुःख त्या 'आम्ही'त बसवता आलं नाही. हा दोष पुस्तकाचा म्हणू नका. तो ऐकणाऱ्यांचा आहे, म्हणजे आपला.

कारण आपणही एक गोष्ट सांगत आलो: १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण माणूस झालो, आता आपल्यात खोट नाही. पहिला भाग सोळा आणे खरा. दुसरा भाग नवा बावन्न हक्क आहे. तो म्हटला की घरातल्या बाईकडं बघावं लागत नाही. सभेत समतेवर टाळ्या घ्यायच्या आणि घरी जेवणाचं ताट हातात मागायचं, हे त्याच गोष्टीवर चालतं.

म्हणून पुढच्या अभ्यासवर्गात हे पुस्तक घ्या. वाचायला बाया बसवा. त्या बोलतील तेव्हा 'यानं चळवळीची बदनामी होते' असं कुणी म्हणालाच, तर त्याला विचारा: बाबा, तुझ्या डबीत काय आहे?