रमाबाईंची अमेरिका आणि आपण

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक, गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. फुल्यांनी ती अमेरिका दुरून पाहिली. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये तेथे प्रत्यक्ष गेल्या, अडीच वर्षांहून अधिक काळ राहिल्या आणि १८८९ मध्ये 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक लिहिले. रूढ अर्थाने त्या इतिहासकार नव्हत्या. पण राज्यपद्धती, घरसंसार, शिक्षण, धर्मपंथ, स्त्रियांची स्थिती अशी एका समाजाची रीतसर मांडणी करणारे हे पुस्तक केवळ प्रवासवर्णन म्हणून वाचणे अन्यायाचे होईल.

राजावाचून राज्य कसे चालते, हे पारतंत्र्यातील वाचकाला सांगताना त्यांची लेखणी हरखून जाते. पण मूळ रहिवाशांवर गोऱ्यांनी केलेले जुलूम त्या झाकत नाहीत. १८६५ मध्ये कायद्याने गुलामगिरी संपली, तरी काळ्या माणसाविषयीचा तिरस्कार उरलाच आहे, हेही त्या सांगतात. पुस्तकाचे खरे मोल माझ्या मते येथेच आहे. कायदा आणि मन यांतले अंतर त्यांना दिसले.

दारूबंदीसाठी झटणाऱ्या स्त्री-संघटनेचे कौतुक मात्र त्या जरा भाबडेपणाने करतात. यजमानाच्या डोळ्यांनी घर पाहण्याचा हा दोष आहे. तरीही एक गोष्ट उरते. तेथील स्त्रियांना देशभर मताचा हक्क मिळाला तो १९२० मध्ये. रमाबाईंनी पाहिलेल्या स्त्रिया त्याआधीच संघटना उभारून कामाला लागल्या होत्या.

मी जालना जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. शिक्षणहक्काचा कायदा २००९ मध्ये झाला. तरी सातवीनंतर पुढची शाळा दुसऱ्या गावी, म्हणून मुली घरी बसतात. एका हुशार मुलीच्या अम्मीला मी हा कायदा समजावून सांगितला. ती म्हणाली, "आपा, कायदा हैच, पन बच्ची के साथ कौन जाना?"

या प्रश्नाला कायद्यात उत्तर नाही. ते गावातल्या चार बायकांनी एकत्र येऊन द्यायचे आहे.

रमाबाईंना इंग्रजीत लिहिता येत होते. १८८७ मध्ये त्यांनी तसे पुस्तक लिहिलेही. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर अनेक स्वकीयांनी त्यांना परके मानले. तरी अमेरिका सांगायची तेव्हा त्यांनी मराठीच निवडली. मराठीत लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे पुस्तक एकदा तरी वाचावे.