ताट आणि उंबरठा

बालपणीच्या जेवणाच्या आठवणी सांगणाऱ्या लेखांस अलीकडे फार बरकत आली आहे. आमच्या नागपुरापुरते बोलावयाचे, तर वडाभात, गोळाभात आणि पुडाची वडी यांची नावे घेतल्यावाचून असा लेख पुरा होत नाही. (या वडीत सांबार भरतात हे वाचून पुणेकर वाचकांनी दचकू नये, आमच्याकडे कोथिंबिरीसच सांबार म्हणतात.) आई रांधते, लेखक जेवतो आणि शेवटी वाचकाने डोळे पुसावेत अशी अपेक्षा असते. माझी तक्रार या गोडव्याविषयी नाही. या लेखांत ताट दिसते, स्वयंपाकघराचा उंबरठा मात्र दिसत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त तो पानोपानी दिसतो. सोवळ्याच्या वेडापायी बाजारातून आलेले मीठदेखील धुवावयास लावणारे वडील त्यांनी रंगविले आहेत. ते वाचताना हसू येते आणि त्या घरातील बायकांचे हाल आठवून ते ओठांतच विरते. पुढे 1895 साली टिळक ख्रिस्ती झाले. त्यानंतर पतीजवळ राहावयास गेल्यावरही बाईंनी आपले अन्नपाणी काही काळ निराळेच ठेविले. कोणाच्या हातचे खावे, हा प्रश्न त्यांनी पतीच्या आज्ञेने नव्हे, स्वतःच्या विचाराने सोडविला. भुकेपेक्षा कठीण असा हा प्रश्न. आणि तो त्यांनी केवढ्या साध्या भाषेत मांडिला आहे!

उंबरठ्यापलीकडची बाजू शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (2015) या पुस्तकात येते. जेवणापूर्वीच्या श्लोकातील शब्दास त्यांनी एकच अक्षर जोडले आणि श्लोक म्हणणाऱ्यांस निरुत्तर केले. मराठवाड्यातील महार-मांग घरांचे हे अन्न. मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या चान्या अडीअडचणीसाठी राखून ठेवीत, हे वाचताना चवीची नव्हे, टंचाईची स्मृती जागी होते. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने (1970) वाटी-चमच्याचे प्रमाण देऊन नवख्या गृहिणींवर मोठे उपकार केले. पण वाटीत घालावयास घरात काही आहे, हे तेथे गृहीतच आहे.

आता मनीषनगरसारख्या नव्या वस्तीतही सावजी रश्शाची चाहत आहे. मूळचे हे हलबा-कोष्टी विणकरांचे जेवण. त्याच्या झणझणीतपणाची वर्णने बहुधा भोजनालयात बसून जेवणारे पांढरपेशे लेखक करितात. मागाशेजारच्या चुलीपुढे ज्या मुलीने तो मसाला पाट्यावर वाटला, तिच्या हातची चार पाने मला वाचावयाची आहेत.