एवढा दांडगा माणूस, त्याच्यावर कसा होईल?

पुरुषांवर होणाऱ्या लैंगिक अत्याचाराकडे लोक कसं बघतात, यावर काम करायचं ठरवलंत तर पहिल्या आठवड्यातच १९९२चा एक पेपर तुमच्या हातात पडेल. सिंडी आणि डेव्हिड स्ट्रकमन-जॉन्सन यांचा, 'सेक्स रोल्स' या जर्नलमधला. पुढच्या कितीतरी अभ्यासांत त्याचा उल्लेख येतो. अनेकांनी तो फक्त उल्लेखापुरता वाचलाय हेही जाणवतं. तुम्ही मात्र तो पूर्ण वाचा, कारण त्याचं बळ आणि त्यातली फट दोन्ही प्रश्नावलीतच आहेत.

त्यांनी अमेरिकेतल्या ३१५ कॉलेज विद्यार्थ्यांना काही विधानं दिली आणि सहमत की असहमत ते विचारलं. तपासायचे होते तीन गैरसमज: पुरुषावर बलात्कार होऊच शकत नाही, झाला तर दोष त्याचाच, आणि त्याला त्याचा फारसा त्रास होत नाही. प्रत्येक विधान दोनदा, एकदा अत्याचार करणारा पुरुष धरून आणि एकदा स्त्री धरून. बहुतेकांनी हे गैरसमज नाकारले, मुलींनी मुलांपेक्षा जास्त ठामपणे. पण 'करणारी स्त्री' म्हटल्यावर तो नकार सैल पडला. एफबीआयच्या आकडेवारीत तेव्हा बलात्काराची व्याख्याच फक्त स्त्रीपुरती होती, ती बदलल्याचं जाहीर झालं २०१२च्या जानेवारीत. हे लक्षात घेतलं तर १९९२चं काम किती पुढचं होतं ते कळतं.

आता फट. धडधाकट, मोठ्या चणीच्या पुरुषावरही असा अत्याचार होऊ शकतो, अशा अर्थाचं एक विधान त्या प्रश्नावलीत आहे. वाचताना साधं वाटतं. पण थांबा आणि स्वतःला विचारा: वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हा 'धडधाकट पुरुष' कोण येतो? गोरा की काळा? विधान काहीच सांगत नाही. रिकामी जागा वाचणारा स्वतःच्या डोक्यातल्या चित्राने भरतो, आणि ते चित्र संशोधकाने मोजलेलंच नाही.

हा केवळ माझा तात्त्विक खुसपटपणा नाही. २०१७ मध्ये विल्सन, ह्युगेनबर्ग आणि रूल यांनी दाखवलं की सारख्याच अंगकाठीचे तरुण पुरुष समोर असले, तरी काळे तरुण लोकांना जास्त उंच, जास्त वजनदार आणि इजा करायला जास्त समर्थ वाटतात. त्याआधी २०१४ मध्ये गॉफ आणि सहकाऱ्यांनी काळ्या मुलांबाबत दाखवलं होतं की दहाव्या वर्षापासूनच ती वयाने मोठी आणि कमी निष्पाप समजली जातात. या दोन्ही अभ्यासांत लैंगिक अत्याचाराचा विषय नाही. म्हणूनच आपल्या विषयातले लोक ते वाचत नाहीत, आणि इथेच चुकतं.

जोडून बघा. पुरुष पीडितावर विश्वास न ठेवण्यामागचा मोठा भाग म्हणजे 'तो प्रतिकार करू शकला असता'. ही झाली लिंगभावाची साचेबंद कल्पना. पण कोण किती प्रतिकार करू शकतो हा अंदाजच वर्णावर ठरत असेल, तर वर्णभेद लिंगभावाच्या कल्पनेच्या पोटात शिरून बसलेला असतो. मग तुम्ही काल्पनिक प्रसंग लिहून, पीडिताचा वर्ण बदलून 'दोष किती' असं विचारलंत आणि फरक आला नाही, तरी 'वर्णाचा परिणाम नाही' असा निष्कर्ष काढता येत नाही. तुम्ही चुकीच्या दारावर टकटक केलेली असू शकते.

खऱ्या आयुष्यात हे कसं दिसतं? टेरी क्रूज यांचं प्रकरण बघा. अभिनेते, आधी एनएफएलमध्ये खेळलेले, पिळदार शरीराचे. एका पार्टीत हॉलिवूडमधल्या बड्या अधिकाऱ्याने आपल्या गुप्तांगाला हात घातला, असं त्यांनी २०१७च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं. थट्टा झाली ती 'एवढा पहिलवान गप्प कसा बसला?' अशी. जून २०१८ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर त्यांनी साक्ष दिली, तिथेही हाच प्रश्न सौम्य भाषेत आला. त्यांच्या उत्तराचा आशय असा, की अमेरिकेतल्या काळ्या माणसाला यशाच्या संधी फार थोड्या मिळतात, हात उचलला असता तर आपणच तुरुंगात गेलो असतो. '२४० पौंडांच्या काळ्या माणसाने बड्या असामीला बडवलं' अशा मथळ्याची भीती त्यांनी आधीच ट्विटरवर बोलून दाखवली होती.

पेच लक्षात आला का? एक साचा म्हणतो, तू पुरुष आहेस, मार. दुसरा म्हणतो, तू काळा आहेस, मारलंस तर गुन्हेगार तूच. इथे लिंगभाव आणि वर्ण यांची साधी बेरीज होत नाही, एक साचा जी वाट दाखवतो ती दुसरा बंद करतो. प्रश्नावलीतला काल्पनिक पीडित एकाच साच्यात उभा असतो, क्रूज दोन्हींच्या मध्ये अडकले होते.

दुसरं उदाहरण जास्त क्रूर आहे. १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलिस ठाण्यात ॲबनर लुइमा या हैतीहून आलेल्या स्थलांतरितावर पोलिसांनी दांडक्याने लैंगिक अत्याचार केला. मुख्य आरोपीला ३० वर्षांची शिक्षा झाली. पण या घटनेची ओळख राहिली ती 'पोलिसी अत्याचार' म्हणून, बलात्कार म्हणून फारशी नाही. खटल्याच्या सुरुवातीला बचावाच्या वकिलाने तर जखमा संमतीने झालेल्या समलिंगी संबंधातल्या असाव्यात असं सुचवलं. पीडित काळा पुरुष असला की वर्णाचा रकाना भरतो आणि लैंगिकतेचा रिकामा राहतो.

रकान्यांवरून आठवलं. अमेरिकेच्या सीडीसीच्या २०१०च्या सर्वेक्षणात पुरुषाला जबरदस्तीने दुसऱ्याच्या शरीरात प्रवेश करायला भाग पाडणं हे 'बलात्कार' या वर्गात धरलेलं नव्हतं, 'इतर लैंगिक हिंसा' मध्ये होतं. लारा स्टेंपल आणि इलान मेयर यांनी २०१४ मध्ये यावर बोट ठेवलं: आदल्या बारा महिन्यांत असं घडलेल्या पुरुषांचा अंदाज सुमारे १२ लाख ६७ हजार, आणि बलात्कार झालेल्या स्त्रियांचा सुमारे १२ लाख ७० हजार. या दोन आकड्यांवरून सोशल मीडियावर स्त्रीविरोधी भांडणं रंगतात. पेपरचा मुद्दा तो नाही. मुद्दा व्याख्येचा आहे.

टॉमी करी यांचं 'द मॅन-नॉट' (२०१७) हे पुस्तकही तुम्हाला कुणीतरी सुचवेल. काळा पुरुष बलात्कारी म्हणूनच दिसत राहतो, बलात्काराचा बळी म्हणून सिद्धांतात त्याला जागाच नाही, हा त्यांचा आरोप मला पटतो. आंतरछेदनाच्या सिद्धांतावरचा त्यांचा राग मात्र पूर्ण पटत नाही. क्रूज यांचा पेच समजून घ्यायला मला तरी किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये मांडलेली ती चौकटच उपयोगी पडली. वाचा आणि तुमचं मत बनवा.

शेवटी, ही प्रश्नावली मराठीत आणायचा विचार असेल तर. 'वर्ण' खोडून 'जात' लिहिलं की झालं, असं कृपया करू नका. अंगकाठीच्या आणि धोक्याच्या ज्या कल्पना अमेरिकेत काळ्या शरीराला चिकटल्या आहेत त्या आपल्याकडे कुणाला चिकटतात, हे आधी मुलाखतींतून शोधावं लागेल. कायद्याचं वातावरणही वेगळं. २०१२चा पॉक्सो मुलग्यांनाही संरक्षण देतो. २०१३च्या फेब्रुवारीतला अध्यादेश लिंगनिरपेक्ष होता, पण त्यानंतरच्या कायद्यात पीडित पुन्हा फक्त स्त्री झाली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली तेव्हा कलम ३७७सुद्धा गेलं, आणि प्रौढ पुरुषाला बलात्काराची तक्रार करायला कलमच उरलं नाही. म्हणजे तुमच्या प्रश्नावलीतल्या 'असं होऊच शकत नाही' या विधानाला कुणी हो म्हटलं, तर तो गैरसमज सांगतोय की कायदा सांगतोय, हे वेगळं करणारा एक प्रश्न तुम्हाला घालावा लागेल. पायलट स्टडीच्या आधीच घाला.