राजाच्या पाठीवरचे फटके
केन फॉलेट यांच्या ‘द पिलर्स ऑफ दि अर्थ’ (१९८९) या कादंबरीत बाराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये, किंग्जब्रिज या काल्पनिक गावी, एक कॅथीड्रल उभे राहते. २०१० साली तिच्यावर आठ भागांची मालिका आली. कादंबरी आवडलेले वाचक मालिकेविषयी हमखास म्हणतात, घाई केली. खरेच आहे. हजारेक पानांतली पन्नास वर्षे आठ भागांत कोंबल्यावर दुसरे काय होणार? पण काटछाट एक वेळ चालेल. माझे भांडण शेवटाशी आहे.

कादंबरीतला कारस्थानी बिशप वॅलेरन अखेरीस साधा भिक्षू होऊन पश्चात्तापात दिवस काढतो. मालिकेत तो कॅथीड्रलवरून कोसळून मरतो. प्रेक्षकाला बरे वाटते, एवढेच! कादंबरी मात्र पुढे ११७० मधल्या थॉमस बेकेटच्या खुनापर्यंत जाते आणि ११७४ साली राजा दुसरा हेन्री कँटरबरीत भिक्षूंकडून उघड्या पाठीवर फटके खातो, तिथे संपते. सत्ताधारी धर्मपीठापुढे वाकतो, हे दाखवायलाच तर एवढा पसारा मांडलेला. मालिका तिथवर पोचतच नाही.

बांधकामाची वर्णने रटाळ म्हणून ती पाने उलटून जाणारे वाचकही मला भेटले. मी वास्तुकला कुठे शिकलेलो नाही. टोकदार कमान भार कसा पेलते, हे मला त्याच पानांनी प्रथम समजावले. संवाद मात्र विसाव्या शतकातले वाटतात. तिथे मालिका सरस : इयान मॅकशेनचा वॅलेरन गप्प उभा असला तरी धाक वाटतो.